दर दहा मिनिटांनी वाघ

वाघ करायचं टेंभरे सरांच्या मनातही नव्हतं. त्यांना फक्त रानडुकरं हाकलायची होती, तीही सभ्यपणे, शास्त्रीय पद्धतीनं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत नाव राखून. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी एक म्हण सर दरवर्षी नववीला शिकवत. त्यांचा मारुती झाला असता तरी निभावलं असतं. त्यांचा वाघ झाला.

लक्ष्मीचंद टेंभरे गोंदियाच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कविता किती मुलांच्या गळी उतरवल्या ते देव जाणे, पण वहीला डावीकडे दोन बोटं समास सोडायचा असतो हे त्यांनी अर्ध्या जिल्ह्याला शिकवलं होतं. उत्तर बरोबर असो की चूक, समास वाकडा दिसला की तांबड्या पेनाचं गोल आणि अर्धा गुण वजा. मुलं त्यांना पाठीमागं ‘समास सर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सरांची वडिलोपार्जित दोन एकर धानाची जमीन नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला, सालईटोल्याला होती. लागूनच खुशाल रामटेक्यांचं तीन एकर. दोन वावरांच्या मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आणि त्या धुऱ्यावर तीस वर्षांची ओळख. सरांच्या धानावरही लक्ष खुशालच ठेवायचे, कारण सर रविवारी येत आणि धानापेक्षा धुरा सरळ आहे का तेच जास्त पाहत.

२०१५ची दिवाळी आटोपली, धान पिवळं पडलं आणि डुकरांचा कळप सुरू झाला. एका आठवड्यात दोन बांध्या, म्हणजे धानाचे दोन चौकोन, लोळवून त्यांनी पार चटई करून टाकली. सर नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट केला.

‘‘डुकराचा फोटो कुठं आहे?’’

‘‘ती अंधारात येतात हो.’’

‘‘मग दिवसा काढा.’’

‘‘दिवसा येत नाहीत.’’

‘‘दिवसा येत नाहीत तर नुकसान दिवसा कसं काय दिसलं?’’ बाबू म्हणाले, आणि या प्रश्नावर मराठीचा शिक्षक काय, न्यायशास्त्राचा पंडितही गप्प बसला असता. स्पष्ट फोटो जोडून पुन्हा सादर करावे, असा शेरा घेऊन सर परतले. शेऱ्याला समास नव्हता, हे त्यांच्या लक्षात राहिलंच.

मग सल्ले सुरू झाले. गोंदियात सरांच्या शेजारी मुन्नालाल राहत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस. गाडी गेली तरी झेंडी दाखवायची सवय सुटली नव्हती. ते म्हणाले, ‘‘मास्टरजी, नाई की दुकान से बाल लाओ, खेत के चारों तरफ डाल दो. सुअर सूंघते ही वापस.’’ सरांनी पोतंभर केस नेऊन धुऱ्यावर टाकले. दुपारी वारा सुटला. पुढं आठ दिवस सालईटोल्याच्या भाजीत, पाण्यात आणि लोकांच्या दाढीत गोंदियाचे केस निघत होते. मग मुन्नालाल म्हणाले, साड्या बांधा. सरांच्या पत्नी धनवंताबाईंच्या तीन साड्या गेल्या. त्यातली एक डुकरांनी जंगलात नेली, आणि ती नेमकी भाच्याच्या लग्नातली होती. धनवंताबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

खुशालनी मात्र साधं सांगितलं. ‘‘सर, मचाण बांधा, टिनाचा डबा घ्या अन् वाजवत बसा. बापजादे तेच करत आले जी.’’

‘‘खुशालभाऊ, विज्ञान कुठल्या कुठं गेलं!’’

‘‘डुकराले थोडंच सांगून राहिलं कोणी का विज्ञान कुठं गेलं,’’ खुशाल म्हणाले आणि हसले. हे हसणं सरांच्या जिव्हारी लागलं. पुढचं सारं रामायण त्या हसण्यातून निघालं, असं म्हटलं तरी चालेल.

कारण त्याच सुमारास शिक्षकांसाठी चार दिवसांचं संगणक प्रशिक्षण लागलं. शिकवायला कोण, तर खुशालचीच मुलगी रश्मी. गोंदियाच्या एका तंत्रनिकेतनात शिकवणारी आणि एके काळी सरांच्याच वर्गात अर्धा-अर्धा गुण गमावलेली. तिनं टेबलावर पत्त्याच्या पानाएवढा एक बोर्ड ठेवला. त्याचं नाव रास्पबेरी पाय. त्याला वायरी लावायच्या, संगणकावर पायथन भाषेत चार ओळी लिहायच्या, की बोर्ड सांगेल ते करतो. दिवा लाव म्हटलं की लावतो, थांब म्हटलं की थांबतो. सरांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं पहिल्या फटक्यात ऐकलं होतं.

पण खरं प्रेम जडलं ते पुढच्या वाक्यानं. रश्मी म्हणाली, ‘‘या भाषेत ओळ डावीकडून किती जागा सोडून लिहिली, त्याला फार महत्त्व असतं. जागा चुकली की अर्थ बदलतो.’’

सर उभेच राहिले. ‘‘म्हणजे या भाषेला समास कळतो?’’

‘‘तुमच्याइतकाच, सर,’’ रश्मी म्हणाली. अठ्ठावीस वर्षं एकटा लढलेल्या माणसाला परदेशातून कुमक यावी तसं सरांना झालं. त्याच संध्याकाळी त्यांनी बोर्ड मागवला.

योजना सोपी होती. हालचाल ओळखणारा एक सेन्सर, एक भोंगा, स्कूटरची जुनी बॅटरी आणि तिला चार्ज करायला छोटं सोलर पॅनेल. डुक्कर आलं की सेन्सर बोर्डाला सांगणार, बोर्ड भोंग्यातून वाघाची डरकाळी वाजवणार, डुक्कर पळणार. डरकाळी सरांनी इंटरनेटवरून उतरवून घेतली. पहिली चाचणी घरीच झाली. मुन्नालाल त्या वेळी भिंतीपलीकडं अंघोळ करत होते. ते टॉवेलवर थेट रस्त्यावर आले आणि समोरच्या किराणा दुकानात जाऊन बसले, यावरून यंत्र उत्तम असल्याचं सिद्ध झालं.

लिहिलेल्या ओळी पाच होत्या. पहिली म्हणत होती, हे सतत करत राहा. दुसरी, हालचाल झाली तर. तिसरी, ‘डुक्कर आलं’ अशी नोंद कर. चौथी, डरकाळी वाजव. पाचवी, दहा मिनिटं थांब. दोन दिवस सगळं ठीक चाललं. शेतावर न्यायच्या आदल्या संध्याकाळी सरांनी आपल्या सवयीप्रमाणं लेखन शेवटचं नजरेखालून घातलं, आणि चौथी ओळ पाचवीपेक्षा जरा आत सरकलेली त्यांना दिसली. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी ती अलगद बाहेर ओढली, पाचवीच्या रांगेत नीट बसवली आणि समाधानानं चहा मागितला.

यंत्र त्यांनी तांदळाच्या प्लॅस्टिक डब्यात घातलं आणि वावराच्या टोकाला पळसाखाली ठेवलं. गुरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, आत शिरायला खाली एवढीशी फट. खुशालना मुद्दाम काही सांगितलं नाही. आधी डुकरं पळतील, मग सत्कार होईल, मग सर दोन शब्द बोलतील, असा क्रम त्यांनी ठरवला होता. दोन शब्दांचा मसुदाही चार पानं तयार होता.

दुसऱ्याच दिवशी खुशालचा फोन आला. ‘‘सर, इकडं येऊ नोका. वावरात वाघ आला.’’

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ‘‘असं? आणि डुकरं?’’

‘‘डुकराचं काय घेऊन बसले जी? वाघ म्हणून राहिलो मी! रात्रभर डरकला, आता बी डरकून राहिला. भर दुपारचा!’’

दुपारचा म्हटल्यावर सरांना जरा चुकल्यासारखं वाटलं. दुपारी डुकरं येतात असं त्या बाबूंनाही मान्य नव्हतं. पण खुशालच्या आवाजातली भीती ऐकून त्यांना जो गोड आनंद झाला होता, त्यापुढं शंका टिकली नाही. माणूस होते, चुकले. उद्या सांगू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उद्यापर्यंत वनपाल नंदलाल उईके गावात पोचले होते. सज्जन, कष्टाळू आणि नोंदवहीचे पक्के. पळसाच्या टोकाकडं कोणी फिरकायचं नाही, असा हुकूम देऊन त्यांनी चारी बाजूंना दोरी बांधली, झाडांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले आणि घड्याळ घेऊन दूर बसले. नोंदवहीत लिहिलं, ‘वाघ दर दहा मिनिटांनी डरकतो. वेळेचा पक्का दिसतो.’ नागझिऱ्याहून एक अनुभवी गाईड आले. त्यांनी तीन डरकाळ्या डोळे मिटून ऐकल्या आणि मान हलवली. ‘‘हा आपल्याकडला नाही. लय थंड्या मुलकातला आवाज आहे हा.’’ लोक हसले. सर मात्र फोनवर हे ऐकून घामाघूम झाले, कारण त्यांनी उतरवून घेतलेला वाघ खरोखरच सैबेरियाचा होता.

इथवर सारं गमतीचं होतं. चौथ्या दिवशी गंमत संपली. त्या दिवशी कापणीवाल्या बाया येणार होत्या. बायांच्या गटाच्या पुढारी सुशिलाबाई. सालईटोल्यात कोणाचं धान आधी कापायचं ते ग्रामपंचायत नाही, सुशिलाबाई ठरवत. त्या दोरीपाशी आल्या, एक डरकाळी ऐकली आणि विळा कमरेला खोचला.

‘‘आमी नाई येत. धान कापाले आलो का मान कापून घ्याले?’’

‘‘धान झडून राहिलं ना वो बाई,’’ खुशाल काकुळतीला आले. ‘‘चार दिवसांत पुरं खाली जाईल. वरसभराचं हाये.’’

‘‘मंग कायले वाघ बोलावला वावरात?’’ सुशिलाबाई म्हणाल्या आणि बायांना घेऊन दुसऱ्याच्या वावरात निघून गेल्या.

पिकलेलं धान थांबत नाही. लोंबी नुसती हात लावला तरी झडायला लागते. खुशालनी हे सगळं सरांना फोनवर सांगितलं, पण रागानं नाही, नुसतं थकून. सरांनी फोन ठेवला. आपल्या दोन एकरांचं त्यांना तितकं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. खुशालकडं ते तीन एकरच होते. सरांना मनापासून लाज वाटली.

लाज वाटली तरी लाज झाकायचा मोह काही सुटत नाही. गुपचूप जाऊन यंत्र काढून आणावं, वाघ आपोआप निघून गेला असं होईल, असा बेत सरांनी केला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, नंदलाल जेवायला गेलेले पाहून ते दोरीखालून शिरले, काट्यांच्या फटीतून चार पायांवर रांगत आत गेले आणि डब्याच्या झाकणाला हात घातला. नेमकी दहा मिनिटं भरली.

हातभर अंतरावर भोंगा आणि त्यातून सैबेरियाचा वाघ! आपणच लिहिलेली ओळ, आपणच उतरवलेला आवाज, हे सारं सरांना पुढं पक्क्या रस्त्यावर पोचल्यावर आठवलं. तोवर पँटचा एक भाग बोरीवर आणि डाव्या पायाची चप्पल कुंपणात राहिली होती. जाता-जाता धानात काहीतरी काळं खसफसल्यासारखं वाटलं, पण मागं वळून बघायची ती वेळ नव्हती.

संध्याकाळी खुशालचा फोन. ‘‘सर, लय वाईट झालं. वाघानं माणूस नेला.’’

‘‘कोणता माणूस?’’

‘‘तेच तं कोणाले समजून नाई राहिलं. चप्पल सापडली अन् कपड्याचा तुकडा. पोलीस बोलावले. पुऱ्या गावाची हजेरी घेतली, सगळे हाजर हायेत.’’ मग थोडं थांबून, ‘‘चप्पल तुमच्यासारखीच हाये जी. म्हणून म्हटलं फोन करून पाहावं.’’

‘‘मी आहे, घरी आहे,’’ सर म्हणाले. आयुष्यात इतकं साधं वाक्य बोलायला त्यांना इतकं जड कधीच गेलं नव्हतं. धनवंताबाईंनी फाटकी पँट आणि एक चप्पल पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘‘माझी साडी सापडली का?’’

सर तसेच रश्मीच्या तंत्रनिकेतनात गेले. पाच ओळींची छापील प्रत तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ‘‘डुक्कर आलं तरच वाजायला हवं ना ग? मग दर दहा मिनिटांनी का वाजतं?’’

रश्मीनं कागदावर एक नजर टाकली. मग पर्समधून तांबडं पेन काढलं आणि चौथ्या ओळीभोवती गोल केलं.

‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘समास चुकला.’’

सरांनी कागद जवळ ओढला.

‘‘ही ओळ आत होती, तोवर ‘हालचाल झाली तर’ या अटीत होती. तुम्ही बाहेर ओढली. आता नोंद तेवढी डुक्कर आल्यावर होते, डरकाळी कोणी येवो न येवो, वाजतेच.’’ तिला हसू येत होतं, पण ते तिनं आवरलं. ‘‘सर, तुम्ही माझा अर्धा गुण कापायचे, त्याचं काही नाही. पण बाबाचं धान उभं आहे. उद्या सांगून टाका.’’

‘‘सांगतो,’’ सर म्हणाले. रश्मीनं कागद परत दिला. अर्धा गुण कापला नव्हता, हे सरांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरापुढं सगळं गाव जमलं होतं. नंदलाल कॅमेऱ्यांतली कार्डं काढून लॅपटॉप घेऊन बसले होते. मेला तो कोण, हे आज कळणार होतं. सर उठून उभे राहिले. त्यांना फक्त म्हणायचं होतं की वाघ माझा आहे. पण अठ्ठावीस वर्षांची सवय.

‘‘उपस्थित बंधूभगिनींनो, मानव आणि निसर्ग यांचं नातं फार प्राचीन आहे...’’

सर नात्याच्या मध्ययुगापर्यंत आले होते तेव्हा नंदलालनी फोटो उघडले. पहिल्या फोटोत डुकरं. दुसऱ्या फोटोत डुकरं. तिसऱ्यात एक डुकरीण भोंग्याला टेकून पिलांना पाजत होती. सहाव्यात कळपाचा म्होरक्या डब्याला पाठ घासत होता, आणि वेळेच्या नोंदीनुसार तेव्हा डरकाळी सुरू होती. एकूण अकरा. पहिल्या रात्री ती बिचकली असतील तेवढीच. नंतर गाव घाबरून घरात बसलं, बाया फिरकेनाशा झाल्या, टिनाचा एक डबासुद्धा वाजेनासा झाला, आणि डुकरांना रात्रंदिवस रान मोकळं मिळालं. वाघाला सगळे घाबरले होते, ज्यांच्यासाठी तो आणला ते सोडून.

मग आला सोळावा फोटो. भर दुपारचा, लख्ख उन्हातला. मध्यभागी काट्यांतून उलटा बाहेर पडणारा एक माणूस, पँट फाटलेली, एका पायात चप्पल. आणि भोवती अर्धवर्तुळात उभी राहून त्याच्याकडं कुतूहलानं बघणारी अकराच्या अकरा डुकरं.

खुशाल पुढं वाकले, नीट पाहिलं. ‘‘हे तं आपले सर होत.’’

‘‘मीच आहे,’’ सर म्हणाले. ‘‘वाघ नाही. मी यंत्र लावलं, मीच बिघडवलं आणि लाजेपायी गप्प बसलो. खुशालभाऊ, तुमचं धान माझ्यामुळं झडतंय. माफ करा.’’ चार पानी मसुद्यात यातलं एकही वाक्य नव्हतं.

खुशालचे खांदे हलायला लागले. ‘‘म्या सांगतलं होतं ना जी,’’ हसता-हसता त्यांना बोलता येईना, ‘‘डुकराले विज्ञान...’’ आणि मग सगळं गाव हसलं. नंदलाल मात्र गंभीरच होते. वाघाचा अहवाल वर गेला होता, आणि वर गेलेला वाघ खाली आणायला कोणता नमुना भरायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

सुशिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक विळा सरांच्या हातात दिला. ‘‘चला. बाया येतील, पन पयली पात तुमी कापान. अन् पयले खुशालभाऊचं.’’

सरांनी कापलं. दुपारपर्यंत बोटाला दोन चिंध्या बांधल्या गेल्या, कंबर सरळ होईना, पण खुशालच्या पहिल्या बांधीतलं धान आडवं झालं. सुशिलाबाई पाहणी करत आल्या आणि धुऱ्यापाशी थांबल्या. डाव्या कडेला दोन बोटं धान सरळ रेषेत तसंच उभं होतं.

‘‘हे काऊन सोडलं जी?’’

सरांनी वाकून तेही कापलं. तीन दिवसांत दोन्ही वावरं उरकली. झडायचं ते थोडं झडलं, पण वर्षाचं धान घरात गेलं. यंत्र रश्मीनं नेलं. ओळ परत आत सरकवून ती आता ते वर्गात शिकवते. पुढच्या साली सरांनी मचाण बांधलं.

राहता राहिला भरपाईचा अर्ज. आता स्पष्ट फोटो होता, तोही सरकारी कॅमेऱ्याचा. रात्रीचे सगळे फोटो अंधुक होते. अकराही डुकरं नीट मोजता येतील असा एकच होता, सोळावा. दोन्ही वावरांच्या अर्जांना तोच जोडावा लागला. बाबूंनी तो उजेडाकडं धरून पाहिला, पेनाच्या टोकानं मोजला.

‘‘अर्जात अकरा लिहिलीत. इथं तर बारा आहेत.’’

‘‘बारावा मी आहे,’’ सर म्हणाले.

‘‘तसं वर कसं कळेल? अर्जदार कोणता ते गोल करून दाखवा आणि बाजूला सही करा.’’

सरांनी खिशातून तांबडं पेन काढलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते दुसऱ्यांच्या वहीत चालवलं होतं. आज त्यांनी पहिल्यांदाच स्वतःभोवती गोल केलं, आणि डावीकडं दोन बोटं जागा सोडून खाली सही केली.